शिंगरोबापासून मिशिगनपर्यंत

बोरघाटात शिंगरोबाच्या देवळापाशी पोचेपर्यंत बाबांच्या गाडीचा काटा लाल रेषेला टेकलेला असायचा. द्रुतगती मार्ग व्हायच्या आधीची, ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आई देवापुढे नाणं ठेवून यायची, बाबा बॉनेट उघडायचे आणि आम्ही भावंडं डिकीतला पाण्याचा डबा घेऊन उभे. "झाकणाला हात लावायचा नाही, वाफ तोंडावर येईल," हे वाक्य दर मे महिन्यात ठरलेलं. मग कठड्यावर बसून दशम्या खायच्या आणि इंजिन निवायची वाट बघायची.

कारण बाबांनीच समजावलं होतं. चढाला इंजिन जीव तोडून ओढतं, पण गाडी बैलगाडीच्या चालीनं, त्यामुळे जाळीतून वारा येत नाही. पंखा आणि पाण्याचा पंप इंजिनाच्याच पट्ट्यावर. इंजिन थांबलं की तेही थांबले. म्हणून गाडी उभी केल्यावरही ते लगेच किल्ली फिरवत नसत.

आता मिशिगनमध्ये माझ्याकडे २०११ सालची शेव्हरोले व्होल्ट आहे. सुरुवातीचे पन्नासेक किलोमीटर ती बॅटरीवर धावते; मग १.४ लिटरचं इंजिन जागं होतं, ते मुख्यतः वीज करायला. एका गाडीत तिघांचा संसार आणि तिघांचे स्वभाव वेगळे. इंजिनाला नव्वद अंशांच्या आसपास बरं वाटतं. बॅटरीला मात्र तुमच्याआमच्यासारखंच हवामान मानवतं. मोटरला वीज पुरवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सचं तिसरंच. एकच पाणी सगळ्यांत फिरवलं तर इंजिनाच्या उष्णतेनं बॅटरी शिजेल, म्हणून प्रत्येकाचा प्रवाह वेगळा आणि टाकीही वेगळी.

बॅटरीची व्यवस्था मला सगळ्यांत देखणी वाटते. २८८ सेल ओळीनं उभे, त्यांच्यामध्ये ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या आणि त्यांतून खेळणारं नारिंगी कूलंट. उकाडा वाढला की एसीचा वायू या कूलंटला गार करतो. थंडीत एक हीटर तेच कोमट करतो. पंप विजेचे, त्यामुळे इंजिन झोपलेलं असलं तरी अडत नाही. जुलैच्या रात्री चार्जिंगला लावलेली गाडी गॅरेजमध्ये आपणहून घुमू लागते. बाबा इंजिन चालू ठेवून जे करायचे, ते ती कुणी न सांगता करते, याचं मला अजून अप्रूप आहे.

घाटासाठी तर वेगळा माउंटन मोड आहे. चढ लागायच्या बऱ्याच आधी तो निवडला की बॅटरीत चढापुरती वीज राखून ठेवली जाते.

बाबा नळाचं, विहिरीचं, मिळेल ते पाणी ओतायचे आणि रेडिएटरमध्ये क्षार साचायचे. इथे बॅटरीच्या टाकीत साधं पाणी घालायची सोय नाही. क्षार काढलेल्या पाण्याचं तयार मिश्रणच लागतं. रविवारी टॉर्च घेऊन मी तिन्ही टाक्यांच्या रेषा बघते. इंजिनाच्या टाकीचं झाकण गरम असताना उघडू नये, असं माहितीपुस्तकात छापलंय. ते मी प्रत्येक वेळी बाबांच्या आवाजात वाचते.