घाटनांदूरचीं सीताफळें

चित्पावनांच्या घरीं मंगलकार्य पार पडलें म्हणजे योगेश्वरीच्या दर्शनास अंबाजोगाईला जाण्याची चाल फार जुनी आहे. गेल्या वैशाखांत आमच्या चिरंजीवांचें लग्न झालें, आणि आश्विनांत आम्ही सूनबाईंसह देवीच्या वाटेस लागलों. बहुतेक यात्रेकरू परळीस उतरून प्रथम वैद्यनाथ व मग देवी असा क्रम धरतात. आम्ही मात्र लातूर रोडहून परळीकडे जाणाऱ्या गाडीनें अलीकडेच, घाटनांदूरला उतरलों. तेथूनही अंबाजोगाई वीस-बावीस किलोमीटरच आहे.

हा सारा बालाघाटचा मुलूख. १९४८ पर्यंत येथें निजामाचा अंमल होता आणि अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणत. पाऊस बेभरंवशाचा, माळ खडकाळ. अशा जमिनींत सीताफळीचें झाड मात्र सुखानें नांदतें. फळ मूळचें अमेरिकेंतलें, पोर्तुगीजांबरोबर इकडे आलें असें मानतात. पण आमच्या लोकांनीं त्याला थेट सीतामाईचें नांव देऊन घरचें करून टाकलें! शेळी त्याच्या पाल्याला तोंड लावीत नाहीं, विहिरीच्या पाण्याचीही त्याला फारशी अपेक्षा नसते. बीडच्या सीताफळाला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, आणि परभणीच्या कृषि विद्यापीठाचें सीताफळ संशोधन केंद्र अंबाजोगाईसच आहे. म्हणजे मानाला कांहीं तोटा नाहीं.

स्टेशनाबाहेर दोन-तीन बायका टोपल्या मांडून बसल्या होत्या. टोपलींत खालीं सीताफळीचाच पाला, वर फळें. डोळे चांगले उघडलेले, त्यांच्या फटी पिवळसर झालेल्या. आमच्या सौभाग्यवतींनीं शिरस्त्याप्रमाणें घासाघीस आरंभली आणि बाईनें सांगितलेल्या भावाच्या निम्म्यावर त्या येऊन थांबल्या. नवल असें कीं, बाई एका शब्दानें कबूल झाली. मंडईंत पंचवीस वर्षें भाव करणाऱ्या गृहिणीला असा विजय रुचत नाहीं.

"बाई, एवढ्यांत कशा कबूल झालात?" सौभाग्यवतींनीं विचारलें.

"काय करावं, आई? सांजच्याला हीच टोपली डोईवर घेऊन माघारी जायाचं, अन् उद्या समदी काळी पडणार. मग कोण घेतंय?"

तिची दहा-बारा झाडें बांधावर होतीं, आणि तीं काय तीं दिवाळीपर्यंत. पुढें नवराबायको दोघेंही ऊस तोडायला निघणार. मुकादमाची उचल केव्हांच घेऊन झाली होती. या जिल्ह्यांतून दरसाल असंख्य कुटुंबें पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत तोडणीला जातात. जोडप्याला मिळून तेथें 'एक कोयता' म्हणतात. माणसें मोजण्याची ही रीत ऐकून आम्ही क्षणभर गप्प झालों.

तेव्हां सूनबाई हळूच म्हणाल्या, "आई, पुण्याला कॉफी घेतांना आपण कुठें भाव करतों?"

त्यांचें म्हणणें खरें होतें. चिरंजीव जी कॉफी आणतात तिच्या पुड्यावर मळा कोणत्या डोंगरांत आहे तें छापलेलें असतें, आणि लहान शेतकऱ्याला रास्त दाम पोहोंचतो म्हणून चार पैसे जास्त मोजण्यांत आम्हांला भूषणच वाटतें. ही कल्पना हॉलंडांत १९८८ सालीं मेक्सिकोंतील लहान कॉफीवाल्यांसाठीं प्रथम रूढ झाली. त्या छापाला नांव दिलें 'मॅक्स हॅवेलार', म्हणजे जावांतील रयतेच्या छळावरील १८६० च्या डच कादंबरीचें. एवढ्या दूरच्या रयतेची काळजी आम्ही पुड्यावर वाचून करतों, आणि समोर बसलेल्या बाईचा भाव निम्म्यावर आणतों!

पण दोहोंत एक भेद आहे, तो आमच्या ध्यानांत त्या दिवशीं प्रथम आला. कॉफीचें वाळलेलें बीं पोत्यांत महिनेच्या महिने राहतें. भाव पडला तर, पदरीं थोडाफार पैसा असल्यास, शेतकरी थांबूं शकतो. सीताफळ उतरल्यावर चार दिवसही धीर धरीत नाहीं. आंब्याप्रमाणें गर आटवून ठेवावा म्हटलें तर विस्तवावर तो कडवट होतो. त्याला अतिशय थंडींत गोठवूनच ठेवावें लागतें, आणि तें यंत्र दहा-बारा झाडांच्या धनिणीनें आणावें कोठून? म्हणून तिच्या मालाचा भाव तिच्या कष्टांवर ठरत नाहीं. संध्याकाळ किती जवळ आली यावर ठरतो. अंबाजोगाईस सांगतात कीं, देवीच्या वऱ्हाडाला परळीस पोहोंचण्यास उशीर झाला, मुहूर्त टळला आणि वऱ्हाड जागच्या जागीं शिळा झालें. या बाईचा मुहूर्त तर रोजच टळावयास बसलेला.

सौभाग्यवतींनीं पिशवींतून पुन्हा पैसे काढले आणि पहिल्या भावानें हिशेब चुकता केला. बाईनें नको नको म्हणत घेतले व दोन फळें वर घातलीं. तीं परत करण्याचा आमचा यत्न मात्र साफ फसला. त्या घासाघिशींत तीच जिंकली.

देवीचें दर्शन यथासांग झालें. मुकुंदराजांच्या समाधीचेंही झालें. फळें आम्हीं मुक्कामींच फस्त केलीं. गोडी अशी कीं सूनबाईंनीं संकोच सोडून तिसरें फोडलें. उरलेलीं चार पुण्याच्या शेजाऱ्यांसाठीं कापडांत गुंडाळून जपून आणलीं. घरीं पिशवी सोडली तों चारही काळीं पडून फुटलेलीं. तीं उचलतांना सौभाग्यवती एवढेंच म्हणाल्या, "तिचीं रोज अशीं किती जात असतील हो?"