सोपाऱ्याचा स्तूप: विटा एकीकडे, करंडक दुसरीकडे

इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक जलमार्गवर्णनात 'सुप्पारा' म्हणून आलेले बंदर गाठायला तेव्हाच्या खलाशांना मोसमी वाऱ्यांची वाट पाहावी लागे. आज चर्चगेटहून विरार लोकल पकडली, भाईंदरनंतरची खाडी ओलांडली आणि विरारच्या आधीच्या स्थानकावर उतरले की काम भागते. सकाळच्या वेळी मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते, पण उलट दिशेच्या प्रवाशाला खिडकीही मिळू शकते.

खरी अडचण स्थानकाबाहेर सुरू होते. पश्चिमेला, सोपारा गावाच्या दिशेने जाणारी रिक्षा इमारतींच्या दाटीतून वाट काढते आणि स्तूप जवळ येईपर्यंत दिसत नाही. स्थळ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली असले, तरी सापडलेल्या वस्तूंचे संग्रहालय तेथे नाही; त्यामुळे पूर्वतयारी न करता आलेल्याला झाडीतला एक विटांचा ढिगारा तेवढा दिसतो.

या ढिगाऱ्याला स्थानिक लोक 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. बुरुड म्हणजे बांबूच्या टोपल्या, सुपे विणणारा कारागीर, आणि सोपाऱ्याचे प्राचीन नाव शूर्पारक. यातील 'शूर्प' म्हणजेच सूप. गावाचे संस्कृत नाव विस्मरणात गेल्यावरही त्याचा अर्थ या राजाच्या रूपाने लोकांच्या तोंडी टिकला असावा, असा तर्क करण्याचा मोह होतो.

एप्रिल 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हा कोट खणला, तेव्हा तो बौद्ध स्तूप, म्हणजे पवित्र अवशेषांवर रचलेली घुमटाकार वास्तू, असल्याचे सिद्ध झाले. मध्यभागी विटांच्या पोकळीत दगडी पेटी होती. तिच्यात तांब्याचा करंडक आणि त्याभोवती बुद्धांच्या आठ लहान धातुमूर्ती होत्या. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा करंडक निघाला, आणि एवढ्या आवरणांखाली जपलेले काय, तर मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे, जे बुद्धांच्या भिक्षापात्राचे मानले जातात. सोबत सोन्याची फुले आणि सातवाहन राजा यज्ञ सातकर्णी याचे चांदीचे नाणे होते. नाणे दुसऱ्या शतकाच्या आसपासचे आणि मूर्ती मात्र आठव्या-नवव्या शतकातल्या, यावरून स्तूप पुन्हा उघडून बंद केला गेला असावा, हे अनुमान सयुक्तिक ठरते.

हे सारे आता येथे नाही. करंडक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेले, आणि त्याच वर्षी भातेला तळ्याजवळ सापडलेला अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. (नवव्या लेखाचा तुकडा 1956 मध्ये शेजारच्या भुईगावात मिळाला.) योगायोग असा की आठवा लेख प्रवासाविषयीच आहे: पूर्वीचे राजे मृगया आणि करमणुकीसाठी विहारयात्रेला निघत, अशोक राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या, ज्यांत श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन, वृद्धांना दान आणि खेड्यापाड्यांतील लोकांशी धर्मचर्चा होई.

म्हणून सोपाऱ्याची सहल सोपाऱ्यात पूर्ण होत नाही. विटा पाहून झाल्यावर अभ्यासकाला पुन्हा फलाटावर यावे लागते, आणि आता गर्दीच्याच दिशेने, चर्चगेटची गाडी पकडावी लागते.