जयभीम म्हणणाऱ्या मालकाचे पगारपत्रक

आम्ही चौघे चळवळीतले. भाड्याच्या गाळ्यात फॅब्रिकेशनचे छोटे वर्कशॉप चालवतो, हाताखाली आठ कामगार आहेत. मोर्चात कामगारांच्या घोषणा देणारे आम्ही आज कायद्याच्या भाषेत मालक आहोत. मग कायदा पाळायचा कोणी?

आपलेच लोक सांगतात, "पोरं आपल्याच वस्तीतली आहेत, सांभाळून घेतील. पगार पुढेमागे झाला तर काय बिघडलं?" मित्रांनो, आमचा विरोध या सांभाळून घेण्यालाच आहे. आमच्या आजोबा-पणजोबांनी तेच केले. वतनाच्या नावाखाली वर्षभर गावकी राबायची आणि खळ्यावर जे मिळेल ते बलुते उचलायचे. त्यात दर नव्हता, तारीख नव्हती, कागदावर हिशेब नव्हता. वेतनाचा कायदा मालकाकडे नेमक्या याच तीन गोष्टी मागतो.

दर राज्य शासन ठरवते आणि महाराष्ट्रात त्यावरचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. म्हणून जानेवारीत आणि जुलैत आम्ही नवा दर बघतोच. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा. कुणी काम सोडले तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करायचा. ओव्हरटाइम दुप्पट दराने. कपात काहीही झाले तरी निम्म्या पगाराच्या वर नाही. आणि प्रत्येकाच्या हातात वेतनचिठ्ठी.

"पण वरून बिलच येत नाही, त्याचं काय?" हा प्रश्न खोटा नाही. आमचीही बिले तीन-तीन महिने अडकतात. पण कामगाराचा करार आमच्याशी आहे, आमच्या गिऱ्हाइकाशी नाही. म्हणून कोटेशन देतानाच आम्ही मजुरी कायदेशीर दराने धरतो आणि एका महिन्याच्या पगाराची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवतो. त्यापायी दोन कामे हातची गेली. जाऊ देत! अडकलेल्या बिलासाठी भांडायचे तर वरच्याशी भांडा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार छोट्या पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवेत, उशीर झाल्यास व्याजासह. तो हक्क न मागता खालच्याचा पगार अडवणे ही कुठली समता?

१९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. पुढे ते मजूरमंत्री असताना, १९४६ मध्ये किमान वेतनाचे विधेयक मांडले गेले आणि १९४८ मध्ये त्याचा कायदा झाला. संविधानाचे कलम २३ वेठबिगारीला बंदी घालते. १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबवून घेणे हीसुद्धा वेठबिगारीच. म्हणजे कमी पगार देणारा मालक, मग तो कुठल्याही जातीचा असो, संविधानाच्या विरोधात उभा असतो.

दलित उद्योजक वाढलेच पाहिजेत, त्यांना भांडवल मिळालेच पाहिजे. पण आपल्या पोरांच्या थकलेल्या पगारातून उभे राहिलेले भांडवल आम्हाला नको. १४ एप्रिलला जयंतीची मोठी वर्गणी देणाऱ्या प्रत्येक उद्योजकाला तरुणांनी एकच विचारावे : साहेब, मार्चचा पगार सात तारखेच्या आत झाला का?

जयभीम!