कारंजा नावाची आगबोट

यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही. वर्धा आहे, पैनगंगा आहे, पावसाळ्यात अडाण फुगते. पण भरती-ओहोटी इथल्या पोराला शाळेच्या पुस्तकातच भेटते. तरीसुद्धा दारव्ह्याच्या आमच्या आजीला एका आगबोटीचा मोठा अभिमान होता, आणि त्याला कारण त्या बोटीचे नाव.

यवतमाळ-मूर्तिजापूर ही आमची छोटी गाडी. अडीच फुटी रूळ, 113 किलोमीटरची वाट, आणि डब्यांत माणसांपेक्षा कापसाच्या गाठींचा मान मोठा! लोकांनी पुढे तिला ‘शकुंतला’ म्हटले. आता ती धावत नाही. गेल्या हिवाळ्यात मी रस्त्याने गेलो, तेव्हा रुळांत गवत माजले होते. दारव्हा मोतीबाग सोडून मूर्तिजापूरकडे निघाले की वाटेत कारंजा लागते, ते लाडांचे कारंजे.

आमचे मामा 1936 साली मोंबासाला रेल्वेत कारकुनी करायला निघाले, ते याच गाडीने. मुंबईस ज्या बोटीवर चढले तिचे नाव ‘कारंजा’! मुंबई बंदरापलीकडे उरणजवळही एक कारंजे आहे, हे आजीला कोण सांगणार? तिच्या लेखी ती आपलीच बोट. “कारंज्याची आहे ना, मग उशिरा का होईना, पोचवील,” असे ती म्हणे. छोट्या गाडीचा अनुभव गाठीशी होता!

बोट मात्र वक्तशीर होती. ब्रिटिश इंडिया कंपनीने ती 1931 साली ग्लासगोला बांधून घेतली. वजन सुमारे 10,000 टन. काळे अंग, त्यावर पांढरा पट्टा, काळ्या धुराड्याला दोन पांढरी कडी. वरच्या वर्गात साहेब लोक. डेकवर आपली माणसे, वळकट्या, पत्र्याच्या पेट्या आणि लोणच्याच्या बरण्या.

मग लढाई आली आणि सरकारने उतारूंच्या बोटी ताब्यात घेतल्या. ‘क्वीन मेरी’ने तर 1943 च्या जुलैत एकाच फेरीत 15,000 हून अधिक सैनिक नेले. ‘कारंजा’ला करडा रंग आला, तोफा आल्या. जीवरक्षक होड्या टांगायच्या त्या जागी किनाऱ्यावर सैनिक उतरवणारे पडाव टांगले गेले. तिची बहीण ‘केनिया’ हिचीही तीच गत. त्या नावाची क्रूझर आरमारात आधीच होती, म्हणून तिला ‘केरेन’ म्हणू लागले. केरेन हे इरिट्रियातले गाव. तिथे 1941 च्या मार्चमध्ये आपल्या मराठा पलटणीचे जवान लढले होते.

1942 च्या मे महिन्यात दोघी बहिणी मादागास्करला फौजा उतरवायला गेल्या. म्हणजे समुद्र ओळखीचाच, पाहुणे तेवढे निराळे. नोव्हेंबरात त्यांना उत्तर आफ्रिकेच्या मोहिमेवर पाठवले. तिथे अल्जीरियातल्या बूझी बंदराजवळ 12 नोव्हेंबरला विमानांनी ‘कारंजा’वर बाँब टाकले, ती पेटली आणि बुडाली. योगायोग असा की, दिल्लीला व्हाइसरॉयच्या मंडळात परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते तेव्हा होते वणीच्या बापूजी अण्यांकडे, म्हणजे आमच्याच जिल्ह्याच्या माणसाकडे. ‘केरेन’ वाचली. पुढे इटालियन मालकाकडे ‘कास्तेल फेलीचे’ या नावाने तिने ऑस्ट्रेलियाला माणसे नेली आणि 1970 साली ती मोडीत निघाली.

मामांची रजा 1940 ची होती. ती लढाईत अडकली. आजी दर दिवाळीला एक करंजी वेगळी काढून ठेवी आणि विचारी, “कारंजा कधी सुटते रे?” बोट बुडाल्याचे घरात कळले तेव्हा थोरल्या मामांनी सगळ्यांना तंबी दिली: तिच्यापुढे कुणी बोलायचे नाही. 1946 च्या श्रावणात आजी गेली, ती बोट सुटायची वाट पाहतच.

कंपनीने 1948 साली नवी ‘कारंजा’ त्याच मार्गावर आणली. पुढच्याच वर्षी मामा तिच्यातून परतले. मामी सांगत, मूर्तिजापूरला छोट्या गाडीत बसेपर्यंत ते पोरांशी हसत-बोलत होते. कारंजा स्टेशन आले तेव्हा ते फलाटाकडे पाठ करून बसले आणि दारव्ह्याला उतरेपर्यंत बोलले नाहीत.