कापूस घरात असताना

ख्रिस्ती उपासनेचं वर्ष जानेवारीत नाही, आगमनकाळापासून सुरू होतं. नाताळाआधीचे चार रविवार. पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबरच्या दरम्यान येतो, आणि आमच्या रोहिणखेडला नेमकी तेव्हा कपाशीची वेचणी जोरात असते.

वेचलेला कापूस लगेच विकायचा नसतो. भाव वाढेल म्हणून तो पुढच्या खोलीत छतापर्यंत भरायचा आणि थांबायचं. अंगाला खाज सुटते, लेकरं खोकतात, तरी थांबायचं. आगमनकाळातही थांबायचंच असतं. एकाच घरात, एकाच महिन्यात दोन प्रकारचं वाट पाहणं शेजारी शेजारी नांदतं, आणि त्यातलं एक दुसऱ्याला गिळायला बघतं. रात्री पवित्र शास्त्र उघडलं तरी कान मोबाइलकडे असतो: आज मलकापूरला काय भाव निघाला?

आगमनकाळात हिरव्या फांद्यांच्या वर्तुळात दर रविवारी एक मेणबत्ती वाढत जाते. तीन जांभळ्या, तिसऱ्या रविवारची तेवढी गुलाबी, कारण तो आनंदाचा रविवार. पण घरात कापूस असताना काडी ओढायची सोय नसते. ठिणगी पडली तर वर्ष गेलं. म्हणून आम्ही मेणबत्त्या अंगणात, वाळू भरलेल्या परातीत लावतो. थंडीचा वारा सुटतो, त्या विझतात. पुन्हा लावायच्या. त्या धडपडीत भाव डोक्यातून जातो, हे मी अनुभवानं सांगतो.

थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट फादरांनी मराठी ओवीत लिहिलेलं ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात छापलं गेलं. त्याच्या मूळ पोर्तुगीज नावातही ख्रिस्ताचं जगात ‘येणं’ हाच विषय आहे. त्यांनी पुराणाचे दोन भाग केले. पहिल्या भागाचे 36 अध्याय संपतात तरी ख्रिस्त जन्मलेला नसतो. सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्या माणसांचीच कथा चालू राहते. वाट पाहणं ही नुसती प्रस्तावना असती, तर इतक्या ओव्या कोण खर्ची घालेल?

भावाची वाट पाहताना आजचा दिवस फुकट गेल्यासारखा वाटतो. तो उद्याच्या भरवशावर ढकलायचा असतो. मरियेचं वाट पाहणं तसं नव्हतं. पोटुशी बाई हात जोडून बसत नाही. तिचा प्रत्येक दिवस बाळाला वाढवत असतो.

आणि तयारी म्हणजे काय, हे योहान बाप्तिस्मा करणाऱ्यानं लूकच्या तिसऱ्या अध्यायात रोकडं सांगितलंय. आम्ही काय करावं, असं लोक विचारतात. दोन अंगरखे असतील त्यानं एक नसलेल्याला द्यावा. जकातदारानं ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये. शिपायानं कुणाला लुबाडू नये. ध्यान कसं लावावं याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. बोलतो ते देण्याघेण्याबद्दल.

आमच्याकडे त्याचा अर्थ सरळ आहे. वेचणाऱ्या बायांची मजुरी किलोवर असते. ‘कापूस विकला की देतो’ म्हटलं, तर आपली वाट पाहण्याची जोखीम आपण त्यांच्या चुलीवर ठेवतो. म्हणून आगमनकाळात आमच्या घरी एकच नेम: त्या आठवड्याची मजुरी त्याच शनिवारी द्यायची, मग त्यासाठी दोन क्विंटल कापूस पडत्या भावात गेला तरी चालेल. देणं चुकतं झालेल्या घरात रविवारची प्रार्थना करताना मन फारसं भटकत नाही.