स्क्रू-ड्रायव्हर आणि स्थळ

आपल्या घरांत मुलगी ‘कॉम्प्युटर शिकते’ म्हटलं, की ऐकणाऱ्याला टायपिंग आठवतं, फार तर बँकेतली खुर्ची. मी मात्र कॉम्प्युटर उघडते. शिडीवर चढून भिंतीवरून केबल ओढते, बंद पडलेल्या मशीनचा पॉवर सप्लाय बदलते. हार्डवेअर आणि नेटवर्क इंजिनिअरचं काम हे असं असतं.

मिरजेत माझ्या अब्बांचं घड्याळ दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. आमचं गाव तंतुवाद्यांसाठी प्रसिद्ध. हातातल्या हुन्नराला इथे मान आहे. पण मोबाइल आले आणि लोकांच्या मनगटावरची घड्याळं उतरली. दुकानाची कमाई घटत गेली. दहावीनंतर मी पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा निवडला, तेव्हा नातेवाइकांना नवल वाटलं. अब्बा एवढंच म्हणाले, “बारीक स्क्रू सांभाळायची सवय तुला लहानपणापासून आहे, बेटा.”

हे काम घाईचं नाही, क्रमाचं आहे. नेटवर्कच्या केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोन पीळ घातलेल्या चार जोड्या. त्या पिळामुळेच बाहेरच्या विजेचा त्रास कमी होतो. टोकाला कनेक्टर बसवताना रंगांचा क्रम ठरलेला: पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. तांब्याच्या अशा केबलची मर्यादा १०० मीटर. त्यापुढे जायचं तर मध्ये स्विच लावायचा किंवा फायबर टाकायची. इंटरनेट बंद पडलं, की मी खालून वर जाते. आधी केबल, मग स्विचवरचा दिवा, मग मशीनला मिळालेला आयपी पत्ता. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर मशीनला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, हे कळतं.

एकदा एका शाळेच्या ऑफिसातून बोलावणं आलं. इंटरनेट चालू, पण एकही सुरक्षित वेबसाइट उघडेना. त्यांनी राउटर बदलायची तयारी केली होती. मी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहिली, ती कित्येक वर्षं मागची होती. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर-२०३२, तीन व्होल्टचा. मशीन बंद असतानाही तोच वेळ राखतो. तो संपला की तारीख मागे जाते आणि वेबसाइटचं प्रमाणपत्र मशीनला खोटं वाटू लागतं. मी सेल बदलला, तारीख लावली, काम झालं. रात्री अब्बांना सांगितलं तेव्हा ते हसून म्हणाले, “म्हणजे शेवटी तूही घड्याळच दुरुस्त केलंस!”

मागच्या वर्षी एक स्थळ आलं. घर चांगलं, मुलगा शिकलेला. त्यांची एकच अट होती, “नोकरी करू दे, पण हे दुरुस्तीचं काम नको. शाळेत कॉम्प्युटर शिकवावं.” अम्मीच्या मनात होकार होता. तिची काळजी मला कळत होती. संध्याकाळी उशिरा येणारे फोन, अनोळखी ऑफिसं, पुरुषांमध्ये काम. मी तिला एवढंच सांगितलं, की दुपारी घरी एकट्या असणाऱ्या कितीतरी बायका मलाच बोलावतात. परक्या माणसाला घरात घेण्यापेक्षा त्यांना मी बरी वाटते. उशिराच्या कामाला धाकटा भाऊ सोबत येतो. अम्मी बराच वेळ गप्प राहिली. नकार कळवायला मात्र तिनेच फोन केला.

त्या फोननंतर आमच्या घरात दोन दिवस कुणी फारसं बोललं नाही. असे निर्णय फुकट होत नाहीत.

ज्यांची मुलं-मुली दहावीला आहेत, त्यांच्यासाठी थोडी माहिती. आयटीआयमध्ये कॉम्प्युटर हार्डवेअर आणि नेटवर्क मेंटेनन्सचा एक वर्षाचा ट्रेड आहे, त्याला दहावी पुरते. डिप्लोमा केला, तर पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट खुली राहते. नोकरी करता करता सिस्कोची सीसीएनए परीक्षा देता येते. ते प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं, मग नव्याने मिळवावं लागतं. म्हणजे या कामात पुस्तक कधी मिटत नाही. सुरुवातीचा पगार थोडा असतो. ज्याला पहिल्याच महिन्यात मोठी रक्कम हवी, त्याने आधीच विचार करावा.

आता अब्बांच्या दुकानात अर्धं टेबल माझं आहे. एका बाजूला घड्याळं, दुसऱ्या बाजूला लॅपटॉप. पुढचं स्थळ येईल तेव्हा पाहुण्यांना आधी तिथेच घेऊन जायचं, असं अम्मीने ठरवलं आहे. मुलगी काय काम करते, ते त्यांनी डोळ्यांनी पाहावं आणि मगच चहा घ्यावा.