पचमढीचे मास्तर

वैदर्भीय माणसाला पचमढी ठाऊक असते ती महादेवामुळे. महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढायचा, नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीच्या ओल्या कपारी पालथ्या घालायच्या. मला मात्र पचमढी म्हटले की गळ्यातला स्कार्फ आठवतो. सातपुड्याच्या याच पठारावर, साग मागे पडून साल दिसू लागतो त्या रानात, भारत स्काऊट्स आणि गाईड्सचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे.

पोरांची शिबिरे इथे भरतातच. पण माझा जीव जडला आहे तो इथे शिकायला येणाऱ्या मोठ्या माणसांवर. एरवी वर्गात ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने शांतता पसरते, ते मास्तर आणि बाई इथे सात-आठ जणांच्या टोळीत सामील होतात. टोळीनायकही त्यांच्यातलाच. तंबू स्वतः ठोकायचा, भोवती पाण्याला वाट काढून द्यायची, लाकडे गोळा करायची, तीन काठ्या दोरीने आवळून तिपाई उभी करायची. पन्नाशीचा माणूस क्लोव्ह हिचची गाठ सुटली म्हणून पुन्हा पहिल्यापासून बांधायला बसतो, शेजारचा विशीतला तरुण दोरीचे टोक धरून थांबतो. शिकवण्याआधी शिकणाऱ्याच्या जागी बसायला लावणारे असे प्रशिक्षण आपल्या शिक्षणखात्याने कधीच मनावर घेतले नाही, याची मला खरोखर खंत वाटते. व्याख्यान ऐकून कुणी टोळी चालवायला शिकत नाही. चूल पेटेना आणि सगळ्यांना भूक लागली, की कोण पुढे येतो, कोण रुसतो, हे कळते. मग मुलांचे रुसवेही कळू लागतात.

स्काऊट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी 1907 मध्ये ब्राउन्सी बेटावर मुलांना नेले, तेव्हाही त्यांच्या टोळ्याच पाडल्या होत्या. पुढे 1919 मध्ये इंग्लंडातल्या गिलवेल पार्कला मोठ्यांसाठी वुड बॅज अभ्यासक्रम सुरू झाला. चामड्याच्या दोरीत ओवलेले दोन लाकडी मणी ही त्याची खूण. आपल्याकडे त्याला ‘हिमालय वुड बॅज’ म्हणतात. सातपुड्यात शिकून हिमालयाचे नाव मिरवावे, हे मला फार आवडते.

शिबिर उठले म्हणजे मणी गळ्यात पडले, असे मात्र नाही. आधी गावी परतायचे, शाळेच्या मैदानावर आपले पथक उभे करायचे आणि पचमढीत शिकलेले मुलांबरोबर करून दाखवायचे.